बादलीच्या कडीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा: टोल्युईनच्या एका आगीचं प्रकरण

दुपारी पावणेतीनला ऑपरेटरने दहा लिटरची जस्ताची बादली टोल्युईनच्या नळाला अडकवली. मिक्सर धुवायला दर पाळीला लागते तेवढीच, एक बादली. वीसेक सेकंदांत ती भरत आली. त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि बादली उतरवायला हात पुढे केला. बादली किंचित झुलली. पुढचं त्याच्याच शब्दांत: "भप्प झालं आणि बघतो तर बादली पेटलेली."

तो मागे सरला. बादली नळालाच लटकत जळत राहिली. सोबत्याने मागचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, ड्राय पावडरचा सिलिंडर उचलला आणि मिनिटभरात आग विझली. ऑपरेटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया जळाल्या. घाबरून त्याने बादली भिरकावली असती, तर पेटतं टोल्युईन जमिनीवर पसरून मिक्सरच्या ओळीखाली गेलं असतं. बादली हातात येण्याआधीच पेटली, हेच या प्रकरणातलं मोठं सुदैव.

कारखाना रबराच्या चिकटद्रव्याचा. मी तिसऱ्या दिवशी चौकशीला गेलो, बाहेरचा माणूस म्हणून. तोवर घटनेचा अहवाल लिहून तयार होता आणि 'कारण' या रकान्यात दोनच शब्द होते: स्थिर विद्युत.

हे दोन शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. ते खोटे असतात म्हणून नव्हे. पुष्कळदा खरेच असतात. पण ज्या आगीचं कारण हाती लागत नाही ती स्थिर विजेच्या नावावर खपवायची, अशी रीतच पडली आहे. वीज दिसत नाही, साक्ष देत नाही, तिला नोकरीवरून काढता येत नाही. आरोपी म्हणून अगदी सोयीची. म्हणून मी ठरवलं की आरोप सिद्ध करायचा, नाहीतर तो रकाना कोरा ठेवायचा.

ते द्रव तिथे होतंच कशाला

टोल्युईन म्हणजे बेंझिनच्या षट्कोनी कड्याला एक मिथाईल गट चिकटलेला. सात कार्बन, आठ हायड्रोजन. नाव आलं ते दक्षिण अमेरिकेतल्या टोलू बाल्सम नावाच्या सुगंधी राळेवरून. १८४१ मध्ये देव्हिलने त्या राळेपासून हे द्रव मिळवलं. त्याआधी १८३७ मध्ये पेल्तिए आणि वॉल्टर यांना पाइनच्या राळेपासून ते सापडलं होतं. रसायनशास्त्रात 'अरोमॅटिक' म्हणजे सुवासिक नव्हे, हे शाळेत शिकवतात. या नावाचा उगम मात्र खरोखरच वासाच्या राळेत आहे. आज ते राळेतून कोणी काढत नाही. तेल शुद्धीकरणात नॅफ्थाचं कॅटॅलिटिक रिफॉर्मिंग करताना ते ढिगाने निघतं.

त्या एका मिथाईल गटाने काय काय बदलतं ते पाहण्यासारखं आहे. बेंझिन ५.५ अंशांना गोठतं, टोल्युईन उणे ९५ अंशांपर्यंत पातळ राहतं. बेंझिनचा सुबक, सममित रेणू स्फटिकात नीट रचला जातो. मिथाईलचं शेपूट लागलं की रचना बिघडते. शरीरातही तसंच. यकृताला टोल्युईन हाताळायला मिथाईल हीच मूठ सापडते. त्याचं बेंझॉइक आम्ल होतं, पुढे हिप्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. बेंझिनला अशी मूठ नाही, म्हणून तिथे कड्यावरच प्रक्रिया होते आणि जे तयार होतं ते अस्थिमज्जेला भोवतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत टाकलं आहे. टोल्युईन तिसऱ्या गटात आहे, म्हणजे तसं वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. रबर विरघळवायला एके काळी बेंझिन सर्रास वापरत. त्याची जागा टोल्युईनने घेतली ती याच कारणाने.

याचा अर्थ टोल्युईन निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. ते मज्जासंस्थेवर चढतं. चिकटद्रव्य हुंगण्याचं व्यसन असतं ते याचंच. दीर्घकाळ हुंगलं की मेंदूची कायमची हानी होते, आणि गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्याच्या कानांवर त्याचा परिणाम आणखी वाढतो. आठ तासांच्या पाळीसाठी २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २० भाग, ही मर्यादा आज बरेच जण मानतात.

जगात त्याचा मोठा वाटा रसायन उद्योगच खातो. मिथाईल गट काढून बेंझिन करायचं, किंवा तो इकडून तिकडे हलवून झायलिन करायचं. त्यातलं पॅराझायलिन पुढे पॉलिएस्टरच्या धाग्यात जातं. दोन नायट्रो गट जोडून, त्यांचे अमीन करून, त्यावर पुढची प्रक्रिया केली की टीडीआय नावाचं रसायन बनतं, ते गादीच्या फोममध्ये. तीन नायट्रो गट जोडले की टीएनटी हा स्फोटक. विल्ब्रांडने ते १८६३ मध्ये पहिल्यांदा तयार केलं. बेंझॉइक आम्ल, बेंझाइल क्लोराइड ही त्याचीच लेकरं. १८७९ मध्ये रेमसेनच्या प्रयोगशाळेत टोल्युईनपासून काढलेल्या संयुगांवर काम करताना फालबर्गच्या बोटांना गोड चव लागली, ती सॅकरिनची. ऑक्टेन वाढवायला ते पेट्रोलमध्येही असतं. रंग, छपाईची शाई आणि चिकटद्रव्यं यांत मात्र ते विद्रावक म्हणून जातं: रबर विरघळवायचं, पातळ थर पसरू द्यायचा आणि मग उडून जायचं. फार भराभर उडालं तर थराला सुरकुत्या पडतात, फार सावकाश उडालं तर काम खोळंबतं. टोल्युईन मधल्या वेगाने उडतं. त्या कारखान्यात ते होतं ते या गुणासाठी, आणि आगीत निम्मा हातही याच गुणाचा.

बादलीच्या तोंडावर काय होतं

टोल्युईनच्या सुरक्षा पत्रकात आकडे ओळीने दिलेले असतात. उत्कलनांक ११०.६ अंश, ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) ४ अंश, हवेतलं ज्वालाग्राही प्रमाण १.१ ते ७.१ टक्के, वाफ हवेच्या तिपटीहून जड. कोणी वाचत नाही असं नाही; पण प्रत्येक आकडा सुटा वाचला जातो. मी त्या दिवशीच्या नोंदी काढल्या. खोलीत २८ अंश तापमान होतं. या तापमानाला टोल्युईनच्या पृष्ठभागालगत हवेत त्याची वाफ साधारण ४.४ टक्के असते. १.१ आणि ७.१ यांच्या बरोबर मधोमध.

इथे टोल्युईन बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतं. बंद टाकीतलं पेट्रोल किंवा अॅसिटोन घ्या. नेहमीच्या तापमानाला त्यांच्या वर इतकी वाफ साठते की हवाच अपुरी पडते. मिश्रण 'रिच' होतं आणि पेटत नाही. रॉकेल उलट्या टोकाला, वाफच कमी. टोल्युईनच्या बाबतीत ४ अंशांपासून सुमारे ३८ अंशांपर्यंत टाकीतली हवा पेटण्याजोगीच असते. माणसं ज्या तापमानात काम करतात तो जवळजवळ सगळा पट्टा यात आला. कारखान्याच्या डे टँकमध्ये, म्हणजे रोजच्या वापराच्या टाकीत, असं मिश्रण वर्षभर पडून होतं, आणि त्यावर नायट्रोजनचं आवरण नव्हतं. आग बादलीत लागली, टँकमध्ये नाही.

म्हणजे पेटायला तयार मिश्रण होतं, यात वाद नाही. ते पेटवायला लागणारी किमान ऊर्जा ०.२४ मिलिज्यूल. एवढी ठिणगी धड दिसतही नाही. प्रश्न उरला तो ती आली कुठून.

बाकीचे संशयित लवकर सुटले. काडेपेटी, लायटर गेटवरच काढून घेतात. फोन लॉकरमध्ये होते. टोल्युईन आपोआप पेटायला ४८० अंश लागतात. तिथे इतकं तापलेलं काहीच नव्हतं. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ, शिवाय छताजवळ. आणि काजळी तर वेगळंच सांगत होती. टोल्युईनच्या वजनात ९१ टक्के कार्बन असल्याने ते जळताना काळ्या जाळ्या हवेत तरंगतात. सगळीकडे काजळी होतीच, पण नळाच्या तोंडाचा रंग एकाच बाजूने फुगून सुटला होता, आणि बादलीच्या काठाचा त्यासमोरचा भाग सर्वांत जास्त भाजला होता. सुरुवात नळाचं तोंड आणि बादलीचा काठ यांच्या मधल्या बोटभर जागेत झाली होती.

अर्थिंग क्लिप: होय

बादलीवर साठणारा भार तारेने जमिनीत उतरवायला अर्थिंगची क्लिप असते. पाळीच्या तपासणी तक्त्यावर त्या दिवशी 'अर्थिंग क्लिप लावली' यापुढे बरोबरची खूण होती. ऑपरेटर इस्पितळातून घरी आल्यावर मी त्याला भेटलो.

"क्लिप लावली होती का?"

"लावली होती, साहेब. रोज लावतो."

"कशाला लावली?"

तो जरा थांबला. "व्हॉल्व्हच्या चाकाला. तिथेच असते ती."

खोटं तो बोलत नव्हता. क्लिपची स्प्रिंग ढिली होती, बादलीच्या गोल काठावरून ती निसटायची. पाइपलाइनच्या चाकावर घट्ट बसायची, म्हणून ती तिथेच राहू लागली. पाइपलाइन आधीच जमिनीला जोडलेली होती; म्हणजे अर्थिंगलाच अर्थिंग. तक्त्यात क्लिप लावली का एवढंच विचारलं होतं. कशाला लावली, हे विचारलंच नव्हतं.

तरीही एक गाठ सुटत नव्हती. लोखंडी नळाला धातूची बादली धातूच्या कडीने टांगली, तर क्लिपची गरजच काय? कडीतूनच वीज वाहून जायला हवी. मी जळकी बादली मागवली. ती गोदामात एका कोपऱ्यात उलटी पडली होती. कडी बारीक तारेची, आणि तिच्या मधोमध वितभर काळं काहीतरी वितळून चिकटलेलं. खरवडलं तर प्लॅस्टिक. पाणी भरायच्या नळीचा तुकडा, उभा चिरून तारेवर चढवलेला.

दहा लिटर टोल्युईन म्हणजे पावणेनऊ किलो. बारीक तार बोटांत रुतते. कोणीतरी कळवळ्याने तो तुकडा चढवला होता. कधी, ते कोणालाच आठवेना. दुसऱ्या पाळीच्या दोन बादल्यांनाही तसेच तुकडे होते. बादली नळाला टांगली की टांगायच्या आकड्यावर, म्हणजे हुकावर, नेमका तो तुकडा यायचा.

आम्ही त्या दुसऱ्या बादल्यांपैकी एक घेतली. खोलीत टोल्युईन नाही याची गॅस मीटरने खात्री करून घेतली आणि बादली रिकामीच टांगली. नळ आणि बादली यांच्यातला रोध साध्या मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेर गेला. मोठा मीटर मागवला, तोही १० टेराओहमच्या पुढे गप्प झाला. टेराओहम म्हणजे एकावर बारा शून्यं. मग प्लॅस्टिक बाजूला सारून उघडी तार आकड्यावर टेकवली. रोध एक ओहमच्याही खाली.

१८४३ मध्ये फॅरडेने बर्फाची धातूची बादली अशीच सगळ्यापासून विलग ठेवून तिच्यात विद्युतभारित गोळा सोडला होता. आत जेवढा भार, तेवढाच बाहेरच्या अंगावर उमटतो, गोळा बादलीला न टेकता, हे त्याने दाखवलं. शाळेच्या पुस्तकातला हा प्रयोग त्या कारखान्यात दर पाळीला होत होता. गोळ्याच्या जागी टोल्युईन.

तीन आठवड्यांपूर्वीचा फिल्टर

पण प्लॅस्टिकचा तुकडा जुना होता. क्लिपची सवयही जुनी. मग आगीला आत्ताच मुहूर्त कसा मिळाला?

"अलीकडे काही बदललं का?" असं मी विचारलं की सगळे नाही म्हणत. हा प्रश्नच चुकीचा आहे, असं मला आता वाटतं. माणसं ज्याला बदल समजत नाहीत तेच शोधायचं असतं. मी देखभाल विभागाची वही मागितली. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद: नळाच्या आधी १० मायक्रॉनचा बॅग फिल्टर बसवला. चिकटद्रव्यात कण येतात अशी ग्राहकाची तक्रार होती.

टोल्युईन विजेचं अत्यंत वाईट वाहक आहे. वीज वाहण्याची क्षमता सीमेन्समध्ये मोजतात; शुद्ध टोल्युईनची ती मीटरमागे १ पिकोसीमेन्सच्या (सीमेन्सचा एक लाख कोटीवा भाग) आसपास किंवा त्याहूनही कमी. असं द्रव पाइपातून वाहताना पाइपाच्या भिंतीशी भारांची फारकत होते आणि द्रव भार घेऊन पुढे निघतं. साध्या पाइपात हा भार थोडा असतो. बारीक फिल्टरच्या कापडात मात्र द्रवाला हजारो चिंचोळ्या वाटांनी घासून जावं लागतं, आणि भार दहापट, कधी शेकडो पटींनी वाढतो.

हिशेब असा. नळाची धार मिनिटाला ३० लिटर, पाइप २५ मिलिमीटरचा, वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. या वेगाला साध्या पाइपातून घनमीटरमागे ५ मायक्रोकूलोम भार येतो, असा ढोबळ नियम आहे. दहा लिटरमध्ये ०.०५ मायक्रोकूलोम. टांगलेल्या बादलीची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, २० पिकोफॅरड धरली, तर तिच्यावर अडीच हजार व्होल्ट येतात आणि ठिणगीत ०.०६ मिलिज्यूल. पेटायला लागतात ०.२४. फिल्टर नव्हता तोवर ते सगळे या रेषेच्या अलीकडे होते, आणि कोणालाच ते माहीत नव्हतं.

आता फिल्टरमुळे भार फक्त चौपट झाला असं धरा, जे फारच सौम्य आहे. व्होल्टेज १० हजार. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून ती चौपट न होता सोळापट होते: १ मिलिज्यूल. १० हजार व्होल्ट हवेत साधारण तीन मिलिमीटर उडी मारतात. बादली झुलली, काठ नळाच्या तोंडाजवळ आला, आणि तिथे वाफ तयारच होती.

वाटेत भार ओसरायला वेळ मिळाला असता तरी निभावलं असतं. १ पिकोसीमेन्सच्या टोल्युईनमध्ये भार एक-तृतीयांशाच्या जवळ यायला २१ सेकंद लागतात. फिल्टरनंतर किमान ३० सेकंद द्रवाला जमिनीशी जोडलेल्या धातूतच ठेवावं, हा रूढ नियम त्यावरूनच आला. इथे फिल्टर नळापासून ४० सेंटीमीटरवर होता. अर्धा सेकंदही नाही.

उरला ऋतू. हवा दमट असते तेव्हा प्लॅस्टिकच्या अंगावर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि त्याचा रोध हजारो पटींनी उतरतो; मग भार साठण्याआधीच झिरपून जातो. आग लागली त्या आठवड्यात हवा कोरडी ठणठणीत होती. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य मला तिथे निदान सहा जणांनी ऐकवलं. खरंच होतं ते. त्या वर्षांतल्या निम्म्या काळात हवाच त्यांना सांभाळत होती.

हिशेब पटला तरी तो कागदावरचा. साक्ष मिळाली निघता निघता. दुसऱ्या पाळीचा एक ऑपरेटर हसत म्हणाला, "ती बादली हल्ली चिमटे काढते. आम्ही तिला खेकडाच म्हणतो." कधीपासून? पंधरा-वीस दिवस झाले असतील. माणसाला बोटात चटका जाणवायला साधारण एक मिलिज्यूल लागतो. म्हणजे पेटण्यापुरत्या ऊर्जेच्या चौपट ठिणग्या पंधरा दिवस उडत होत्या. फक्त बादलीच्या बाहेरच्या अंगावर, बोटापाशी, जिथे वाफ विरळ होती. खेकडा हे नाव पाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कार्यालयापर्यंत ते पोचलं नव्हतं.

काय केलं, काय राहिलं

टोल्युईनऐवजी दुसरं काही वापरता येईल का, ही चर्चा झाली. इथाईल अॅसिटेट वीज बरंच बरं वाहतं, पण त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली, आणि नुसत्या त्याने ते रबर नीट विरघळत नाही. पाण्यावर आधारलेलं चिकटद्रव्य हा खरा पर्याय, पण ते वाळायला वेळ घेतं आणि त्याला यंत्रसामग्री वेगळी. व्यवस्थापनाने अभ्यास करतो म्हटलं. निदान मिक्सर धुवायला तरी टोल्युईन का, असं मी विचारलं; एक बंदिस्त धुण्याची व्यवस्था आता तिथे बसली आहे, दोन मिक्सरपुरती. बाकीचे अजून बादलीवरच.

फिल्टर काढणं शक्य नव्हतं. ३० सेकंद मिळवायला त्याच पाइपाची लांबी ३० मीटर लागली असती. त्याऐवजी फिल्टर आणि नळ यांच्यामध्ये १५ लिटरचं एक पोकळ पोलादी भांडं बसवलं. त्या धारेला ते भरून पुढे सरकायला बरोबर अर्धा मिनिट लागतो. दिसायला किरकोळ वस्तू, पण पूर्ण कामात मला सर्वांत समाधान त्या भांड्याने दिलं. नळाला बादलीच्या तळापर्यंत जाणारी धातूची नळी आली, म्हणजे धार उंचावरून पडून उडणार नाही. डे टँकवर नायट्रोजन आला. क्लिप बदलून टोकदार स्क्रूची आली, जी रंग आणि गंज भेदून धातूला भिडते. तक्त्यावरचा प्रश्न बदलला: आता बादली आणि नळ यांच्यातला रोध मोजून आकडा लिहायचा असतो, दहा ओहमच्या आत. खूण करायला जागाच ठेवलेली नाही.

टांगायचे आकडे कापून टाकले. बादली आता लोखंडी जाळीवर ठेवतात.

कडीचं काय, हा प्रश्न ऑपरेटरनेच काढला, पट्टी बांधलेल्या हाताने. प्लॅस्टिक नको हे ठीक, पण तार रुतते त्याचं काय? प्रश्न रास्त होता. वर्कशॉपने पोलादी नळीची जाड मूठ करून तारेला वेल्ड करून दिली. ती रुतत नाही. दोन महिन्यांनी मी पाहणीला गेलो तेव्हा एका मुठीवर कोणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, छान, घट्ट, तीन वेढे. थंडीत पोलाद गार लागतं म्हणे. मी तिथेच बसून ती सोलली, आणि वर्कशॉपला फोन लावला.